घरच्या घरी कंदी पेढे: दूध आटवण्यापासून पेढा वळेपर्यंत

साताऱ्याच्या कंदी पेढ्याला केशर लागत नाही, रंग लागत नाही, वरून पिस्त्याचे काप लागत नाहीत. दूध, साखर आणि वेलची, संपले. त्यामुळे यातली एक गोष्ट जरी कमअस्सल असली तरी ती झाकायला दुसरे काही नसते. घरी पेढे करायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो तो साखरेचा: इतक्या खव्याला साखर किती? माझ्या मते हा प्रश्न सर्वात शेवटी विचारावा. कंदी पेढ्याची चव, रंग आणि दाणा साखर पडायच्या आधीच ठरून गेलेला असतो. दूध कसे आटले आणि खवा किती भाजला, यातच सगळे आले.

तेव्हा हा लेख मुख्यतः त्या दोन कामांबद्दल आहे. सगळे मिळून दोन ते अडीच तास हाताशी ठेवा. सणाच्या दिवशी सकाळी हा घाट घालू नका. आदल्या दिवशी निवांतपणे करा. कंदी पेढा दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो.

साहित्य असे: म्हशीचे किंवा फुल क्रीम दूध २ लिटर, साखर १०० ग्रॅम (गोड जास्त आवडत असल्यास १२० पर्यंत), साजूक तूप १ ते २ चमचे, वेलदोडे ७-८, आवडत असल्यास चिमूटभर जायफळ. भाजताना शिंपडायला पाव वाटी दूध बाजूला काढून ठेवा. एवढ्यात २० ग्रॅमचे साधारण वीस-बावीस पेढे होतात.

दूध कोणते घ्यावे

म्हशीचे ताजे दूध मिळत असेल तर दुसरा विचार करू नका. त्यात स्निग्धांश जास्त असतो, त्यामुळे खवा मऊ, पांढरा होतो आणि भाजताना स्वतःचेच तूप सोडतो. गाईच्या दुधाचा खवा पिवळसर, जरा चिवट आणि किंचित खारट लागतो. दुधातली मिठे आटून एकवटतात, म्हणून तो खारटपणा जाणवतो. तो वाईट नसतो, पण पेढ्याला म्हशीचेच दूध साजते.

पिशवीचे दूध घेणार असाल तर पिशवीवरचे आकडे वाचा. फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के स्निग्धांश आणि ९ टक्के इतर घनपदार्थ असतात. टोन्ड दुधात हेच आकडे ३ आणि ८.५ असतात. अन्नसुरक्षा नियमांनुसार खव्याच्या कोरड्या वजनात निदान ३० टक्के स्निग्धांश असायला हवा. टोन्ड दुधाचा हिशोब मांडून पाहा: साडेअकरात तीन, म्हणजे जेमतेम २६ टक्के. म्हणजे टोन्ड दूध कितीही आटवले तरी जे हाती येते ते नियमाच्या भाषेतसुद्धा खवा नसते. पैसे वाचवायला म्हणून हे दूध आणाल तर गॅसही तेवढाच जळेल आणि पेढा मात्र कोरडा होईल.

दूध त्याच दिवशीचे असावे. शिळे दूध आधी तापवताना फाटत नाही, पण निम्मे आटल्यावर फाटते, कारण पाणी उडते तसा त्यातला आंबटपणा एकवटत जातो. शंका असेल तर दोन चमचे दूध छोट्या कढल्यात उकळून चांगले आटवून पाहा. कडेला कण दिसले तर त्या दुधाचे पनीर करा, पेढे नकोत.

आटवणे

कढई रुंद आणि जाड बुडाची हवी. उंच पातेले टाळा. आपल्याला २ लिटर दुधातून दीड लिटरच्या वर पाणी उडवायचे आहे आणि पाणी पृष्ठभागावरूनच उडते. तोंड जितके पसरट तितका वेळ कमी. रापलेली लोखंडी कढई असेल तर उत्तम, नसेल तर जाड स्टील किंवा हिंदालियम चालते. नॉनस्टिकमध्ये खवा होतो, पण त्यात धातूचा कलथा घासता येत नाही, आणि या कामात घासणे फार महत्त्वाचे. कलथा सपाट टोकाचा घ्या. गोल डावाने कढईचा तळ पुसला जात नाही, त्याची फक्त एक रेघ पुसली जाते.

कढईत आधी दोन चमचे पाणी फिरवा, मग दूध ओता. ओल्या बुडाला दूध लवकर धरत नाही. मोठ्या आचेवर उकळी आणा आणि उकळी आल्यावरही आच मोठीच ठेवा. मंद आचेवर दूध आटवत ठेवून बाकीची कामे करावीत असा सल्ला बरेचदा मिळतो. बासुंदीला तो ठीक आहे, खव्याला नाही. खव्यासाठी दूध खळखळत राहिले पाहिजे आणि कलथा त्याच्याबरोबर फिरत राहिला पाहिजे. रेंगाळत आटलेल्या दुधावर पुन्हा पुन्हा साय धरते, तिचे जाड पापुद्रे होतात आणि शेवटी तेच खव्यात चिवट धाग्यांसारखे दातात येतात.

कढईच्या कडेला दुधाचा पातळ थर वाळतो. तो दर दोन-तीन मिनिटांनी खरवडून दुधात परत ढकला. ओला असेपर्यंत तो लगेच विरघळतो. करपून तपकिरी झाला की त्याचे कडक कण खव्यात तसेच राहतात.

पहिली वीस-पंचवीस मिनिटे काही विशेष घडत नाही. दूध निम्म्यावर येते, किंचित मोतिया होते. एक तृतीयांशावर आले की बुडबुडे मोठे होऊ लागतात आणि आवाज बदलतो. खळखळ जाऊन जड फदफद सुरू होते. इथे आच मध्यम करा. मिश्रण आता उडते आणि अंगावर पडले तर चांगलेच भाजते, कारण ते चिकटून राहते. पूर्ण बाह्यांचा कपडा घाला आणि लहान मुलांना ओट्यापासून लांब ठेवा.

यापुढे हात थांबवायचा नाही. फोन वाजला तर गॅस बंद करून मगच उचला. मिश्रण रबडीच्या पुढे जाते, मग कलथ्याने तळावर रेघ ओढली की ती क्षणभर तशीच राहते. आच मंद करा. थोड्या वेळात सगळे एकत्र येऊन गोळा धरते, कढईच्या कडा सुटतात आणि कडेला तुपाची बारीक चमक दिसते. हाच क्षण. गॅस बंद करा, पण कढई तापलेली आहे हे विसरू नका. आणखी दोन मिनिटे हलवत राहा आणि खवा ताटात काढून पसरा.

याला एकूण एक ते सव्वा तास लागतो. खव्याचे वजन करा. २ लिटर फुल क्रीम दुधाचा साधारण ४०० ग्रॅम खवा निघतो. फारच जास्त भरला तर पाणी राहिले आहे असे समजा, तसे असेल तर भाजायला वेळ जास्त लागेल इतकेच.

विकतचा खवा आणायचा असेल तर

यात कमीपणा काही नाही. साडेतीन-चारशे ग्रॅम चांगला खवा आणला तर निम्मे काम वाचते. पण सणासुदीला खव्यात पीठ मिसळण्याचे प्रकार होतात, म्हणून आधी तपासा. चिमूटभर खवा बोटांत चोळा: चांगला खवा तुपकट लागतो आणि तुपाचा वास येतो. पिठाळ, कोरडा किंवा रबरी वाटला तर नको. पक्की खात्री हवी असेल तर वाटाण्याएवढा खवा थोड्या पाण्यात उकळा, पूर्ण गार होऊ द्या आणि त्यात औषधाच्या दुकानात मिळणारे टिंक्चर आयोडीन दोन थेंब टाका. पाणी निळे-काळे झाले तर पीठ आहे. गार होऊ देणे महत्त्वाचे, कारण गरम पाण्यात निळा रंग उमटत नाही. तपासलेला नमुना अर्थातच फेकून द्यायचा.

खव्यात ओलावा भरपूर असतो, त्यामुळे तो आणला त्याच दिवशी भाजावा. आंबूस वास येणारा खवा भाजून सुधारत नाही; साखरेने चव झाकली जाते, पण पोटाला कळते.

भाजणे, म्हणजे खरा कंदी पेढा

साधा पेढा आणि कंदी पेढा यांत फरक आहे तो इथे. साध्या पांढऱ्या किंवा केशरी पेढ्याला खवा तीन-चार मिनिटे परतला की झाले. कंदी पेढ्यासाठी तो तपकिरी होईपर्यंत भाजावा लागतो आणि तो तपकिरी रंग साखर जळून आलेला नसतो. दुधाची स्वतःची साखर असते, लॅक्टोज. २ लिटर दुधात ती शंभरेक ग्रॅम भरते आणि आटवल्यावर सगळीच्या सगळी खव्यात उतरते. ती साध्या साखरेपेक्षा फार कमी गोड असते, म्हणून नुसता खवा अगोडच लागतो. उष्णतेने ही दुधसाखर आणि दुधातली प्रथिने एकमेकांशी संयोग पावतात आणि त्यातून तपकिरी रंग आणि तो खमंग वास तयार होतो. भाकरीच्या पापुद्र्यावर, भाजलेल्या कॉफीत हीच प्रक्रिया घडते. लुई कामी मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचे वर्णन केले. पेढे वळणाऱ्यांच्या हाताला ती अर्थातच ठाऊक होती.

या प्रक्रियेला दोन गोष्टी लागतात: ओलावा कमी होणे आणि वेळ. आच वाढवून वेळ वाचवता येत नाही. मोठ्या आचेवर खव्याचा तळाचा थर करपतो आणि वरचा कच्चाच राहतो.

गार झालेला खवा हाताने मोकळा करा किंवा किसून घ्या. कढई धुऊन पुसून पुन्हा गॅसवर ठेवा. आटवलेल्या दुधाची खरवड तळाला असताना त्यातच खवा भाजायला घेऊ नका, ती आधी जळेल. चमचाभर तूप घाला, खवा घाला, आच मंद.

पहिल्यांदा खवा मऊ पडतो आणि पातळसर होतो. घाबरू नका, त्यातले तूप वितळते आहे. पाचेक मिनिटांत तो पुन्हा आवळतो, मग हळूहळू सुटा होऊ लागतो. कलथ्याने गुठळ्या फोडत राहा. दहा-बारा मिनिटांनी रंग फिकट बदामी होतो आणि घरभर वास पसरतो. बहुतेक लोक इथे थांबतात. थांबू नका. इथे बाजूला ठेवलेल्या दुधातले चमचाभर दूध शिंपडा. चर्र आवाज येतो, खवा पुन्हा ओलसर होतो, आणि परतल्यावर आधीपेक्षा एक छटा गडद होतो. ते दूध आटले की पुन्हा चमचाभर. असे तीन-चार वेळा करा. दुधाच्या प्रत्येक शिंपडण्याने तळाला धरलेला तपकिरी थर सुटून खव्यात मिसळतो, खवा कोरडा पडत नाही आणि दाणा तयार होतो. पेढे व्यवसायात करणाऱ्यांमध्येही दूध शिंपडून भाजण्याची पद्धत आहे. घरी मात्र ही पायरी बहुधा गाळली जाते आणि म्हणूनच घरचा पेढा साधा राहतो.

किती भाजायचे याचा अंदाज रंगावरून घ्या, पण वासावर जास्त विश्वास ठेवा. आधी उकळलेल्या दुधाचा वास असतो, मग तुपाचा, मग कढवलेल्या तुपाच्या बेरीचा. बेरीचा वास नाकात भरला आणि खवा दालचिनीच्या रंगाकडे झुकला की गॅस बंद. वासात तिखटपणा किंवा धूर जाणवला तर उशीर झाला. गॅस बंद केल्यावरही रंग एक छटा पुढे जातो, म्हणून जरा आधीच थांबा. याला वीस ते तीस मिनिटे लागतात. ४०० ग्रॅम खव्याचे आता ३४० ते ३५० ग्रॅम राहिले असतील. लगेच ताटात काढा. लोखंडी कढईत राहिला तर तो भाजला जातच राहतो.

कंडेन्स्ड मिल्कचे पेढे झटपट होतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याचे कंदी पेढे होत नाहीत. त्यात आधीच चाळीस टक्क्यांहून जास्त साखर असते. जे तयार होते ते चविष्ट असेल, पण टॉफीच्या जातीचे असते.

साखर

खवा कोमट होऊ द्या. बोट आत घालून सहज ठेवता आले पाहिजे. गरम खव्यात साखर घातली की ती विरघळते, मिश्रण सैल होते. मग ते आवळायला पुन्हा गॅसवर ठेवावे लागते आणि पेढा चिवट होतो किंवा गार झाल्यावर दगड होतो. अगदी गार खव्यातही साखर घालू नये, ती मिसळत नाही आणि पेढा फुटतो. कोमट म्हणजे कोमटच.

साखर घरी दळलेली घ्या. दुकानातल्या आयसिंग शुगरमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून मक्याचे पीठ असते आणि ते जिभेवर कळते. जरा जास्त कष्ट घ्यायची तयारी असेल तर बुरा साखर करा: वाटीभर साखरेत पाव वाटी पाणी घालून पाक गोळीबंद होण्याच्या पुढे न्या, अर्धा चमचा तूप घाला, गॅस बंद करून जोरात घोटत राहा. पाक पांढरा पडतो, घट्ट होतो आणि एकदम भुरभुरीत होऊन कोसळतो. गार करून चाळून घ्या. या साखरेने पेढ्याला जो रवाळपणा येतो तो पिठीसाखरेने येत नाही. उरलेली बुरा साखर बरणीत महिनोन्‌महिने राहते, लाडवांनाही वापरता येते.

आधी ८० ग्रॅम साखर घाला, मिसळा, चव घ्या. मग उरलेली. वेलदोड्याची पूड याच वेळी घाला. वेलदोडे साखरेबरोबर आणि तेही आयत्या वेळी कुटलेले असावेत. आता तळहाताच्या टाचेने पाच-सहा मिनिटे मळा. कणिक मळतो तसे जोर लावून नको, दाणा मोडेल. दाबून गोळा करायचे, पुन्हा दाबायचे. साखर मिसळत जाते तसा गोळा मऊ होतो आणि हाताला तुपाचा हलका हात लागल्यासारखा वाटतो.

वळणे

झाकून अर्धा तास ठेवा, मग वळा. लहान लिंबाएवढा गोळा घेऊन तळव्यात गोल करा, अंगठ्याने किंचित दाबा. कडेला थोडी चीर पडली तर पडू द्या, कंदी पेढ्याला गुळगुळीतपणाची गरज नाही. हवे तर दाणेदार साखरेत किंवा बुरा साखरेत घोळवा. वळलेले पेढे ताटात उघडे ठेवून जाळीने झाका. तीन-चार तासांत बाहेरून सुकतात.

बिघडले तर

वळताना भुगा होत असेल तर कोमट दूध घाला, पण चमच्याने नव्हे, बोटांच्या टोकांनी शिंपडून. मिश्रण क्षणात सैल होते. सैल झालेच तर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. बहुतेक वेळा तूप गोठून काम भागते. तरीही पसरत असेल तर कढईत अगदी मंद आचेवर दोन-तीन मिनिटे परता, त्याहून जास्त नाही, कारण आता त्यात साखर आहे.

तूप फार सुटून मिश्रण तेलकट झाले असेल तर पूर्ण गार करा आणि मळा, बरेचसे तूप परत शोषले जाते. खवा तळाला लागला असे वाटले तर हलवू नका. गॅस बंद करा, वरचा खवा अलगद दुसऱ्या भांड्यात काढा, तळ तसाच सोडा आणि चव घेऊन पुढचे ठरवा. करपलेला वास वेलदोडे वाढवून जात नाही, त्यामुळे तशा खव्यात साखर घालून ती वाया घालवू नये.

ठेवणे

भाजून ओलावा कमी झालेला असल्यामुळे कंदी पेढे पांढऱ्या पेढ्यांपेक्षा जास्त टिकतात. थंडीच्या दिवसांत हवाबंद डब्यात बाहेर चार-पाच दिवस, फ्रिजमध्ये पंधरवडा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात थेट फ्रिजमध्येच ठेवा. डब्याचे झाकण पेढे पूर्ण गार झाल्याशिवाय लावू नका. आत वाफ धरली की दोन दिवसांत बुरशी येते. दुधाचे पदार्थ वास पटकन ओढतात, म्हणून डबा कांदा-लसणापासून दूर. खायच्या अर्धा तास आधी डबा बाहेर काढा. पेढा थंडगार असताना त्यातले तूप गोठलेले असते आणि तोपर्यंत ना वेलदोडा लागतो, ना भाजल्याची चव.